पांढरा मणका

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते, ओसाड घर लागतं, लांबवर रडणारं कुत्रं लागतं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. दुपारचे दोन वाजले होते, ट्यूबलाइटचा डोळ्यांत जाणारा उजेड होता आणि चहाचे रिकामे कप अजून टेबलावरच होते. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, झालं ते असं झालं.

एका मोठ्या इमारतीच्या तळघरात स्कॅन सेंटर होतं. माणसाला आडवं करून लांब नळीत सरकवायचं, मशीननं अर्धा तास ठोकाठोकी करायची आणि आतल्या मणक्यांचे फोटो निघायचे, असा तिथला रोजचा उद्योग. रिपोर्ट टाइप करायला एक बाई होत्या. वय सेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षं. त्यांना तिथं कुणी नावानं हाक मारत नसे, नुसतं 'बाई'. कामाची रीत अशी, की डॉक्टर दुपारी घरी जात, घरच्या कॉम्प्युटरवर फोटो बघत आणि रिपोर्ट बोलून पाठवत. बाई कानाला इयरफोन लावून तो ऐकत आणि टाइप करत. टेबलाखाली एक पेडल होतं. दाबलं की डॉक्टर बोलायचे, पाय उचलला की गप्प. "डॉक्टरांचं तोंड बंद करू शकणारी जगात मी एकटीच. त्यांच्या बायकोलाही जमलेलं नाही," असं बाई म्हणायच्या आणि सगळे हसायचे. संध्याकाळी डॉक्टर येऊन गठ्ठ्यावर धडाधड सह्या करायचे. वाचायचे नाहीत. बाईंच्या टायपिंगवर त्यांचा डोळे मिटून भरवसा.

त्या दिवशी गठ्ठ्यात बाईंच्या दादाचा रिपोर्ट होता. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ. आई-वडील लवकर गेले तेव्हा स्वतःची शाळा सोडून यानं बहिणीला शिकवलं, टायपिंगच्या क्लासला घातलं, पावसापाण्यात सोडायला-आणायला गेला. आता तो गाडी चालवायला शिकवायचा. गियर घालताना रडकुंडीला येणाऱ्या माणसांवरही त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. माणूस कसा असावा, तर असा, असं गल्लीतली चार माणसं सांगायची. वहिनी तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून गेली. तेव्हापासून तो बाईंच्याच दोन खोल्यांत राहत होता. आणि आता, पन्नाशीला, पुन्हा लग्न करायचं म्हणत होता. मुलगी, मुलगी कसली, चाळिशीची बाई, वाचनालयात ग्रंथपाल होती. अबोल, नीटनेटकी, प्रत्येक गोष्ट दोनदा वाचणारी. लग्न पुढच्या महिन्यात होतं.

आणि अशात दादाची मान धरली. डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि कंबर तर इतकी जड की सकाळी उठताना तो म्हणायचा, "चिमणे, कुणीतरी पाठुंगळी बसलंय बघ." बहिणीला तो अजून चिमणीच म्हणायचा. हाडांच्या सर्जननं मान आणि कंबर दोन्हीचा स्कॅन सांगितला. तो आदल्या दिवशी झाला होता. आज पाच वाजता रिपोर्ट घेऊन सर्जनकडे जायचं होतं, म्हणून दादा आणि त्याची होणारी बायको बाहेरच्या खोलीत येऊन बसले होते.

बाईंनी पेडल दाबलं.

"मान," डॉक्टर म्हणाले, नेहमीसारखं नाकातून, मागे त्यांच्या घरचा पंखा घुरघुरत होता. "पाचव्या-सहाव्या मणक्यातली गादी डावीकडे थोडी सरकलेली. नस किंचित दबते. ऑपरेशनची गरज नाही." बाईंना हायसं वाटलं. "कंबर. पहिला, दुसरा आणि चौथा मणका दबलेला. जुने मार, भरून आलेले. तिसरा ताजा. गर्भाशय व्यवस्थित."

बाईंचा पाय पेडलवरून उचलला गेला, आणि त्या एकट्याच खुदकन हसल्या. कंबरेच्या फोटोत पोटाच्या खालचा भागही कडेकडेनं येतो, त्यामुळे डॉक्टरांना तो सांगावा लागतो. पण दादाला गर्भाशय म्हणजे कमालच झाली. कुणातरी बाईची कंबर दादाच्या मानेला चिकटली होती.

त्या तशाच मशीनच्या खोलीकडे गेल्या. तिथला टेक्निशियन दिवसातून चाळीस वेळा माईकवर 'हलू नका, हलू नका' करायचा, म्हणून सगळे त्याला हलूनकाच म्हणत.

"काय रे, काल कुणाची कंबर दादाला लावलीस?"

"बाई, मी इथं फोटो काढतो, सांधेजोड करत नाही," तो म्हणाला. त्यानं फोटो लावले, नंबर ताडून पाहिला, आणि त्याचं हसू गेलं. "नंबर तर त्यांचाच आहे. दोन्हीवर."

बाईंनी कालची यादी काढली. काल चारच माणसं आली होती. एका खेळाडूचा गुडघा, दोन म्हाताऱ्यांची डोकी आणि दादा. काल कंबरेला बाई नव्हतीच. मग ही कुठून आली? बाईंना पहिला संशय आला तो हलूनकाचा. ओळखीतल्या कुणाला यादीत न घालता मागच्या दारानं आत घेतलं असेल आणि फोटो सरमिसळ झाले असतील.

"खरं सांग. तुझी कुणी मावशी-आत्या आली होती का काल?"

"बाई, पोरांची शपथ." त्याला ते लागलं. "तुम्ही बावीस वर्षं ओळखता मला."

"ओळखते म्हणून तर विचारतेय."

तो रागानं खुर्ची मागे सरकवून उठला आणि म्हणाला, "तुमचे दादा बाहेरच आहेत ना? आणा आत. आत्ता परत काढू. तुम्ही बसा माझ्या शेजारी, आणि बघा कोण कुणाची कंबर लावतंय."

दादानं कुरकुर केली नाही. पट्टा, घड्याळ, बूट काढून त्यानं होणाऱ्या बायकोच्या मांडीवर ठेवले. "धर गं नीट," एवढंच म्हणाला. तिनं ते दोन्ही हातांनी धरले. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. बाईंनी ती पाहिली, पण तेव्हा डोक्यात कंबरेचा घोळ होता.

काचेपलीकडे दादा उताणा झोपला. हलूनकानं त्याच्या मुठीत रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबा म्हणाला, आणि टेबल आत गेलं. बाहेर राहिली फक्त दादाची दोन पावलं, राखाडी मोज्यांत. ठक ठक ठक सुरू झालं. त्या खोलीत नेहमीच गारठा असायचा आणि स्पिरिटचा वास. आज त्या वासाखाली आणखी एक वास होता. केसांना लावायच्या तेलाचा, जुना, उशीला राहतो तसा. बाईंनी नाक मुरडलं आणि पडद्याकडे पाहिलं.

आधी मान उमटली. दादाचीच. गळ्याचा पुरुषी उंचवटा, पाचव्या-सहाव्यातली ती सरकलेली गादी, सगळं रिपोर्टबरहुकूम. हलूनकानं बाईंकडे बघून भुवया उडवल्या. मग टेबल पुढे सरकलं आणि कंबरेची पाळी आली.

फोटो वरून खाली हळूहळू भरत जातो. पहिला मणका आला, पुढून चेपलेला. दुसरा आला, तसाच. तिसरा आला तो पांढराफेक. चौथा चेपलेला, पाचवा धड. आणि खाली, कडेला, गर्भाशय.

काचेपलीकडे राखाडी मोजे होते. आतला माणूस बदललेला नव्हता, बदलणार कोण आणि कसा.

"बाई…" हलूनका म्हणाला. "मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडलं तर फोटो येत नाही. दुसऱ्याचा येत नाही."

तेवढ्यात फुग्याची घंटी वाजली. हलूनकानं माईकचं बटण दाबलं. "काय झालं काका?"

दादाचा आवाज नळीतून आल्यामुळे पोकळ वाटत होता. "चिमणी आहे का तिथं? चिमणे, तुमच्या माणसाला सांग, हात काढ म्हणावं."

"कसला हात, दादा?"

"पाठीखाली हात घातलाय त्यानं. मघापासून एकेक मणका चाचपतोय. गार आहे हात… आणि मोजतोय."

हलूनकाचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. त्यानं ते उचलले, बघितले आणि परत ठेवले. टेबलात आणि दादाच्या पाठीत कागद सरकायलाही जागा नव्हती.

"हलू नका," तो म्हणाला. सवयीनं म्हणाला. आवाज चिरकला.

आता इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मार ताजा असला की हाडात पाणी साचतं, आणि या फोटोत ते पांढरं चकाकतं. दोन-चार महिन्यांत हाड भरून येतं, पांढरेपणा जातो, आणि तो मणका बाकीच्यांसारखा राखाडी दिसतो. आकार मात्र चेपलेलाच राहतो. म्हणजे फोटो बघणाऱ्याला नुसतं हाड मोडलंय एवढंच कळत नाही, कधी मोडलंय तेही कळतं. पडलेल्या माणसाचे मणके एकाच वेळी मोडतात. वेगवेगळ्या वेळी मोडलेले असले, तर माणूस एकदा पडलेला नसतो. बाईंना हे बावीस वर्षं ऐकून पाठ झालं होतं. आणि पहिला, दुसरा, चौथा हे आकडे त्यांनी आधी एकदा टाइप केले होते. ते त्यांना आत्ता, पडद्यासमोर, आठवले. खरं म्हणजे मघाशीच आठवायला हवे होते. आपण त्यांना आठवू दिलं नाही, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

"थांबव जरा. मी आले," त्या म्हणाल्या आणि जुन्या फायलींच्या खोलीत गेल्या.

वहिनीची फाइल शोधायला लागलीच नाही. कुठल्या फडताळात, कितवी, हे बाईंना साडेतीन वर्षं ठाऊक होतं आणि साडेतीन वर्षं त्या खोलीच्या त्या बाजूला बाई गेल्या नव्हत्या. वहिनी पहिल्यांदा जिन्यावरून पडली तेव्हाचा स्कॅन. त्यांनी फोटो दिव्याच्या पेटीवर लावला. पहिला मणका चेपलेला, राखाडी. दुसरा चेपलेला, राखाडी. चौथा पांढरा.

त्या दिवशीचा आवाज त्यांना अजून शब्दन् शब्द पाठ होता. डॉक्टर म्हणाले होते, "चौथा ताजा. पहिला आणि दुसरा जुने, वेगवेगळ्या वेळचे. हे एका पडण्यानं झालेलं नाही. रुग्णाला एकटीला विचारावे." आणि दादा बाईंच्या खुर्चीमागे उभा होता. आवाज इयरफोनमध्ये होता, पडद्यावर अक्षरं उमटत होती, आणि तो ती वाचत होता. ओरडला नाही, धमकावलं नाही. नुसता खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चिमणे, एवढं सगळं लिहायलाच लागतं का गं?"

बाईंनी पाय उचलला. शेवटची तीन वाक्यं खोडली. डॉक्टरांनी गठ्ठ्यावर सही केली, सर्जननं पट्टा दिला, वहिनी घरी गेली. तिला एकटीला कुणी काही विचारलं नाही. जाताना ती दारात थांबून बाईंकडे बघून कसनुशी हसली होती. चार महिन्यांनी ती पुन्हा पडली. त्या वेळी स्कॅनची वेळ आलीच नाही.

बाईंनी स्वतःला काय काय समजावलं नसेल. डॉक्टर काय देव आहेत का, त्यांचीही चूक होते. ज्यानं आपल्याला वाढवलं तो असं करेल का. रडू यायचं ते त्या टायपिंगमध्ये ढकलायच्या. पण मनातल्या मनात त्यांना माहीत होतं, आणि ते माहीत असणं त्या रोज दोन खोल्यांत दादाच्या ताटासमोर बसून गिळत होत्या.

त्यांनी आताचा फोटो मागवून जुन्याशेजारी लावला. हाडाचा बांधा तोच, वळण तेच, पाचव्या मणक्याची जन्मजात तिरकी कडही तीच. ही वहिनीच होती. फक्त चौथा मणका, जो तेव्हा पांढरा होता, तो आता राखाडी होता.

बाई खुर्चीचा आधार घेऊन बसल्या. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली. चौथा ती होती तोवरच भरून आला असेल. पण मेलेल्या माणसाला नवा मार बसत नाही. तिसरा मणका दिव्यावर दुधासारखा पांढरा दिसत होता.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"बघतोय, बघतोय," डॉक्टर म्हणाले. "नवीन फोटो आलेत माझ्याकडे. तेच आहे."

"डॉक्टर, पेशंट माझा भाऊ आहे."

"मग फोटो कुणाचे पाठवताय?" त्यांचा आवाज संशयी झाला. "मी नावं बघत नाही बाई, मणके बघतो. मान पुरुषाची आहे, कंबर बाईची आहे. काय खेळ चाललाय तुमच्याकडे?"

"तिसरा मणका… किती दिवसांचा असेल?"

"फार तर आठ दिवसांचा. आणि ऐका. ही जी कोणी बाई असेल तिला मारतंय कुणीतरी, वर्षानुवर्षं. आणि अजून थांबलेलं नाही. तिला घरी पाठवू नका. एकटीला बसवा आणि विचारा. लिहून घ्या हे."

"घेते," बाई म्हणाल्या.

या वेळी त्यांनी सगळं लिहिलं. बोटं इतकी गार पडली होती की दोनदा चुकलं, दोनदा दुरुस्त केलं. कागद घेऊन त्या मशीनच्या खोलीत डोकावल्या. दादा अजून नळीतच होता.

"अजून एक फेरी लाव," त्यांनी हलूनकाला सांगितलं. "मानेपासून खालपर्यंत सगळी पाठ घे, एका दमात. सगळ्यात लांब चालणारी लाव."

"बाई, मला नाही बघवत ते…"

"बघू नकोस. फक्त लाव. अर्धा तास त्याला हलू देऊ नकोस."

बाहेरच्या खोलीत होणारी वहिनी तशीच बसली होती. बूट, पट्टा, घड्याळ मांडीवर. बाई शेजारी बसल्या आणि कागद पुढे केला. ती ग्रंथपाल, तिनं तो सावकाश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"ताई, यात तर बाई आहे."

"हो."

"चुकून दुसरा आलाय का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पेडलवरून पाय उचलण्याइतकंच. बाईंच्या ओठावर ते आलंसुद्धा. मग त्यांची नजर तिच्या पट्टी बांधलेल्या बोटांवर गेली.

"चुकून नाही," त्या म्हणाल्या. "ही माझी वहिनी आहे. ती पडली नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ती आज असती." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हा फोटो मघाशी कुणाचा निघाला, ते मला विचारू नका. मला सांगता येणार नाही. पण तुम्ही हे लग्न करू नका."

मशीनची ठकठक भिंतीतून येत होती.

"परवा गाडीचं दार लावताना बोटं सापडली माझी," ती हळूच म्हणाली. "त्यांनीच लावलं. चुकून होतं कधीकधी. पण मी ओरडले ना, तरी त्यांनी दार उघडलं नाही. माझ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, 'ओरडायचं नाही.' आणि मग उघडलं." तिनं श्वास घेतला. "मला वाटलं, मलाच तसं वाटतंय. सगळे त्यांना इतकं चांगलं म्हणतात."

"म्हणतात."

"मी आईकडे जाते. त्यांना काय सांगाल?"

"आत्ता काही सांगायला नको. अजून वीस मिनिटं त्याला हलता येत नाही."

तिनं दादाचे बूट खुर्चीखाली जोडून ठेवले, त्यांवर पट्टा, त्यावर घड्याळ. रिपोर्टची घडी करून पर्समध्ये टाकली. जिन्यावर तिची पावलं आधी हळू, मग भराभर वाजली, आणि वरचं दार बंद झालं. एक माणूस तरी सुटलं. बाईंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

दादा बाहेर आला तो हसत.

"वा. काय केलं रे तू, पोरा?" त्यानं हलूनकाच्या पाठीवर थाप मारली. "कंबर एकदम हलकी झाली. त्या शेवटच्या फेरीत काहीतरी सुटलं बघ. किती वर्षांनी असं सरळ उभं राहतोय." तो खरोखरच ताठ उभा होता. हलूनका भिंतीला चिकटून उभा राहिला, मग पिशवी उचलून, बाईंकडे न बघता, आज लवकर जातो म्हणून निघून गेला.

दादानं बाहेर येऊन बूट पाहिले. इकडेतिकडे पाहिलं.

"ती कुठे गेली?"

"आईकडे गेली," बाई म्हणाल्या. त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या होत्या. "मी तिला सगळं सांगितलं, दादा. वहिनीचं. तेव्हा न लिहिलेलंही आता लिहिलं. लग्न होणार नाही."

तो वाकून बूट घालायला लागला. नाड्या सावकाश बांधल्या, एक, मग दुसरी. पट्टा हातातच ठेवला.

"असं केलंस का," तो म्हणाला. आवाज तोच, गाडी शिकवतानाचा. "बरं. चल, घरी जाऊन बोलू."

टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टर होते.

"बाई, ती शेवटची फेरी कुणाची आहे? पूर्ण पाठीची?"

"का, डॉक्टर?"

"कारण मघाची ती कंबर यात नाही. ही दुसरीच बाई आहे. आणि मान पण आता पुरुषाची नाही, वरपासून खालपर्यंत एकच बाई आहे. चाळिशी उलटलेली. कंबर चांगली धडधाकट आहे. मान थोडी पुढे आलेली… वर्षानुवर्षं खाली मान घालून टायपिंग करणाऱ्यांची असते ना, तशी." ते थांबले. पंख्याची घुरघुर ऐकू आली. "पण मानेचा तिसरा मणका मोडलाय, बाई. आरपार. इतका ताजा की मी आजवर असा पाहिलेला नाही. या फोटोतला माणूस टेबलावरून उठून चालत जाऊच शकत नाही. कुठे आहे ती?"

बाईंनी रिसीव्हर घट्ट धरला. "इथेच आहे," त्या म्हणाल्या. "घरी गेलेली नाही. डॉक्टर… तुम्ही इकडे येता का? आत्ता?"

"निघालोच. अर्धा तास लागेल. तिला हलू देऊ नका."

फोन बंद झाला. तळघरात आता दोघंच होती. बाईंनी दादाकडे पाहून सांगितलं, की डॉक्टर येतायत, मला थांबावं लागेल, तू पुढे हो.

दादानं भिंतीजवळची खुर्ची ओढली, दाराच्या आणि त्यांच्या मधोमध ठेवली, आणि ऐसपैस बसला. पट्टा एका हाताभोवती गुंडाळत होता, सोडत होता. तो बाईंच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर जराशी खाली, मानेवर होती.

"तुझं चालू दे, चिमणे," तो म्हणाला. "घाई नाही मला. मी थांबतो."